३४ तास, सात सह्या आणि सोलो नाही : सांबऱ्याच्या धावपट्टीवरचं एक प्रकरण

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत मी सहायक प्रशिक्षक आहे. एप्रिलमधली दुपार. डेप्युटी सीएफआयनी, म्हणजे उपमुख्य उड्डाण प्रशिक्षकांनी, माझ्यासमोर एका मुलाची ट्रेनिंग फाईल ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "३४ तास झाले, सोलो नाही. उद्या याच्याबरोबर एक सॉर्टी कर आणि मला सांग, वडिलांना बोलावून घ्यायचं का."

सोलो म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकट्याने केलेलं उड्डाण, आणि सॉर्टी म्हणजे उड्डाणाची एक फेरी. वडिलांना बोलावून घेणं याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. समोर चहा ठेवायचा, मुलगा हुशार आहे म्हणायचं, आणि हे क्षेत्र त्याच्यासाठी नाही असं हळूच सांगायचं.

मुलगा निपाणीकडचा, वय १९. घरी तंबाखू आणि ऊस. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात सायन्स. मेट (हवामानशास्त्र) आणि नेव्हिगेशन या दोन्ही पेपरांत पहिल्याच फटक्यात ७० टक्क्यांच्या वर. वर गेल्यावरही सरळ-समतल उड्डाण, वळणं, स्टॉल (पंखांची उचल तुटणं), स्टॉलमधून बाहेर येणं, सगळं व्यवस्थित. अडलं होतं ते शेवटच्या दहा-पंधरा फुटांत. विमान खाली आणून टेकवता येत नव्हतं. आमच्याकडे बहुतेक मुलं १५ ते २५ तासांच्या दरम्यान सोलोला जातात. ३४ म्हणजे पार वरचा आकडा, आणि तासाचा दर पाच आकडी असल्यामुळे प्रत्येक जादा तास निपाणीच्या त्या घरातून येत होता.

प्रकरण पूर्ण लिहून काढते आहे, कारण यातली चूक शोधताना मी आधी मुलात शोधली, मग विमानात, मग हवेत. ती निघाली माझ्या स्वतःच्या उजव्या हातात आणि भिंतीवरच्या रोस्टरमध्ये.

जागा आणि हवा

सांबऱ्याचा तळ १९४२ सालचा, महायुद्धाच्या धामधुमीत बांधलेला. हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आजही इथंच आहे. बागलकोट रोडवरून जाणाऱ्या बेळगावकराला त्या कुंपणाचं काही अप्रूप नाही, आणि अलीकडे डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या आमच्या सेसनांचंही उरलेलं नाही. आम्हाला शिकवायला ही धावपट्टी मोठी सोयीची आहे. ०८/२६ अशी पूर्व-पश्चिम, २३०० मीटर लांब, ४५ मीटर रुंद. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे जवळजवळ नाकासमोर. पण दोन गोष्टी नवख्याला सतावतात.

पहिली म्हणजे ही रुंदी. सेसना १७२चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर. एवढ्याशा विमानातून ४५ मीटर रुंद पट्टी समोर आली की डोळा फसतो, आपण आहोत त्यापेक्षा खाली आलो असं वाटतं, आणि मुलगा योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, लवकर ओढतो.

दुसरी म्हणजे उंची आणि उन्हाळा. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर. प्रमाणित वातावरणात या उंचीला तापमान १० अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ३७ अंश असेल तर फरक २७ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट या ढोबळ हिशेबाने विमानाच्या दृष्टीने आपण साधारण ५७०० फुटांवर उभे आहोत. वेगाच्या काट्यावर ६५ नॉट दिसतात, पण विरळ हवेतून विमान खरोखर ७१च्या आसपास पळत असतं. जमीन त्याच वेगाने अंगावर येते. हिवाळ्यातल्या सकाळी तेच ६५ खरे ६८च्या आसपास असतात. हा दोन-तीन नॉटचा फरक जुन्या वैमानिकाला जाणवतही नाही, पण ज्याचा डोळाच अजून बसलेला नाही त्याला पुरेसा होतो. शिवाय तापलेल्या शिवारावरून हवा उसळत असते, ती वेगळीच.

फाईल चाळली तेव्हा दिसलं, की या मुलाच्या सर्किटच्या, म्हणजे पट्टीभोवती चक्कर मारून परत उतरण्याच्या, सॉर्ट्यांपैकी दोन-तृतीयांशहून जास्त दुपारी एक ते चारमधल्या. सकाळचे स्लॉट चेक (परीक्षेचं उड्डाण) जवळ आलेल्यांना मिळतात, उरलेले मागे पडलेल्यांना. म्हणजे ज्याला सर्वांत शांत हवा हवी, त्याला सर्वांत वाईट हवा. हे कुणी ठरवून करत नाही. डिस्पॅचच्या फळ्यावर ते आपोआप होतं.

फाईल

३४ तासांत सात प्रशिक्षक. फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर उचलणं, बलूनिंग म्हणजे ते जास्त झाल्याने विमान परत वर तरंगणं. शेरे असे: 'फ्लेअर लेट.' 'फ्लेअर अर्ली.' 'मोअर प्रॅक्टिस रिक्वायर्ड.' 'बलूनिंग.' 'फ्लेअर लेट.' 'नीड्स कॉन्फिडन्स.' परत 'मोअर प्रॅक्टिस.' माझी स्वतःचीही एक सही त्यात होती, दोन महिन्यांपूर्वीची, शेरा 'ओव्हर-कंट्रोलिंग इन फ्लेअर'. तो मी कुठल्या मुलाबद्दल लिहिला होता हे मला आठवलंही नाही. ते वाचताना मान खाली गेली.

साती जण चांगले शिकवणारे आहेत. मी एकेकाला गाठून विचारलं, लँडिंग कसं सांगता? एक सांगतो, पट्टीवरचे आकडे नाकाखाली गेले की ओढायला लाग. दुसरा सांगतो, थ्रेशोल्ड (पट्टीची सुरुवात) ओलांडल्यावर मनात तीन मोज. तिसरी सांगते, पट्टी एकदम रुंदावली असं वाटलं की. एक जण फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ६५ नॉट धरायला लावतो, दुसरा दुपारच्या झटक्यांसाठी ७०. प्रत्येकाची पद्धत आपापल्या जागी बरोबर आहे, आणि एकाच्या हाताखाली शिकलेला मुलगा यातल्या कुठल्याही पद्धतीने शिकला असता. पण पोराच्या डोक्यात सातही एकदम बोलत होते. पुढे एकदा मी त्याला विचारलं, फायनलवर तू मनात काय म्हणतोस? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "आज कोणते सर आहेत ते आधी बघतो ओ मॅम, मग त्यांचं आठवतो."

सात प्रशिक्षक का? मोठ्या संस्थेत विमान, वेळ आणि प्रशिक्षक यांची मोट रोज सकाळी नव्याने बांधावी लागते. प्रशिक्षकाच्या उड्डाणाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, कुणाची सुट्टी, कुणाचं मेडिकल. आणि आमच्यातले बरेच जण इथं तास जमवायला आलेले आहेत, एअरलाइनचं बोलावणं आलं की जाणारे. यात लपवण्यासारखं काही नाही, मीही त्याच वाटेने आले. आमच्या पगाराचा मोठा हिस्सा उडवलेल्या तासांवर असतो. त्यामुळे विद्यार्थी कुणाचा, हा प्रश्न फळ्यावर येतच नाही. फळ्यावर विमानाचा नंबर असतो, वेळ असते, दोन नावं असतात. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे लांबच्या उड्डाणांच्या, टप्प्यावर हे चालून जातं, उलट वेगवेगळ्या लोकांबरोबर उडण्याचा तिथं फायदाच होतो. पहिल्या सोलोच्या आधी मात्र हे मुलाला मारक आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

दुपारची सॉर्टी

दुसऱ्या दिवशी अडीचचा स्लॉट. ३७ अंश, वारा पश्चिमेचा पण लहरी. ब्रीफिंग झालं, ब्रेथ अ‍ॅनलायझर झाला, विमानाभोवती फिरून त्याने तपासणी केली, आणि ती खरोखर मन लावून केली. ऑइलची डिपस्टिक पुसून परत बुडवून बघणारी मुलं फार नसतात.

सर्किट त्याने सुरेख उडवलं. डाउनविंडला, म्हणजे पट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, अल्टिमीटरवर (उंचीच्या काट्यावर) ३५००, म्हणजे जमिनीपासून हजार फूट, काटा हलत नव्हता. फायनलला फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण, ६५. पापीचे, म्हणजे उतरणीचा कोन दाखवणाऱ्या पट्टीशेजारच्या दिव्यांपैकी, दोन पांढरे, दोन लाल. थ्रेशोल्ड ओलांडली. मग कुणीतरी दचकवल्यासारखं त्याने योक ओढलं. नाक वर, विमान परत वर तरंगलं, दहा फूट, बारा फूट, वेग पडायला लागला. घाबरून त्याने योक पुढे सोडलं. मी हलकेच धरलं, थोडं पॉवर दिलं, विमान टेकलं. "ओके, टच अँड गो." म्हणजे टेकून न थांबता परत वर. दुसरं बरं झालं. तिसरं ठीकठाक. चौथ्याला बलून झाल्यावर त्याने योक जरा जोरातच पुढे लोटलं, आणि मागची दोन चाकं आणि नाकाचं चाक जवळजवळ एकदमच आपटली. विमान उसळलं. आता परत पुढे लोटलं असतं तर दुसरी उसळी पहिल्याहून मोठी, आणि तिसरीला नाकाचं चाक मोडून पंखा जमिनीला लागला असता. घात होतो तो असाच होतो, पहिल्या आपटीने क्वचित होतो.

"आय हॅव कंट्रोल." पूर्ण पॉवर, नाक जागच्या जागी, फ्लॅप एक टप्पा वर. सांबऱ्याची घरं खालून सरकली तेव्हा त्याच्याकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवर, नजर पुढे, ओठ घट्ट. पुढचं लँडिंग मी केलं. विमान हार्ड लँडिंगच्या तपासणीला दिलं. इंजिनिअरांनी नाकाचा स्ट्रट, फायरवॉल, पंख्याची टोकं सगळं बघून तासाभराने विमान मोकळं केलं. काही झालं नव्हतं.

डीब्रीफिंगला मी फळ्यावर चित्र काढायला लागले, तेव्हा त्याने मध्येच विचारलं,

"मॅम, ते दुसरं लँडिंग चांगलं झालं ना, त्याला तुम्ही हात लावला होता का?"

"नाही," मी म्हटलं. पटकन, विचार न करता.

"मग ते मी केलं?"

यावर मला उत्तर देता येईना. कारण खडू हातात धरल्याधरल्या मला आठवलं, की दुसऱ्या लँडिंगला माझ्या उजव्या हाताची दोन बोटं योकच्या खालून टेकलेली होती. ओढत नव्हते, नुसती टेकलेली. पण तो ओढायला लागला तेव्हा ती बोटं त्याला अडवत होती, आणि तो सोडायला लागला तेव्हा धरून ठेवत होती. दोन्ही योक आतून जोडलेले असतात, त्याला ते जाणवणारच. चांगलं लँडिंग माझ्या बोटांनी केलं आणि श्रेय त्याला दिलं. वाईट लँडिंग त्याने केलं तेव्हा मी बोटं काढली होती, कारण आधीची दोन 'त्याने' बरी केली असं मला वाटत होतं.

मी त्याला खरं सांगितलं. तो जरासा हसला आणि म्हणाला, "मला वाटायचंच. प्रत्येक वेळी योक जरा जड लागतं, मग कळत नाही ओ कुणी केलं ते."

हात कोणाचा

त्या संध्याकाळी घरी, शहापुरात, फाईलची झेरॉक्स घेऊन बसले. १००च्या वर लँडिंगची नोंद होती. त्यातली त्याची किती? कागदावर सगळीच त्याची. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सहा जणांना विचारलं. दोघं म्हणाले, शेवटच्या दहा फुटांत आम्ही धरतोच, विमान मोडायचं आहे का. एक म्हणाली, मी फक्त सोबत हात ठेवते. उरलेल्यांना आठवत नव्हतं. सगळा हिशेब लावून मी एका वाक्याशी आले: ३४ तासांत या मुलाने पूर्णपणे स्वतःचं असं लँडिंग बहुधा पाच-सहा वेळाच केलं होतं, आणि त्यातलं कोणतं त्याचं होतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग शिकणार कशावर? केलं, चुकलं, काय चुकलं ते दिसलं, पुढच्या वेळी तेवढंच बदललं, हे चक्रच फिरत नव्हतं. चुकलं की कुणीतरी सावरत होतं आणि साधलं की ते कुणाचं हे कळत नव्हतं. त्याला आत्मविश्वास नाही असं आम्ही लिहिलं, पण आत्मविश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

दुसरा शोध मात्र निव्वळ योगायोगाने लागला. तेच विमान तपासणीनंतर उभं होतं, त्याची कागदपत्रं घ्यायला मी डाव्या दरवाजाने आत शिरले आणि त्याच्या सीटवर बसले. तो सोडून गेला तशीच सीट होती. आणि समोर बघते तर डॅशबोर्डची वरची कड डोळ्यासमोर, पलीकडे फक्त आभाळ. तो उंचीने बेताचा. सीट पार खाली आणि मागे. नाक किंचित वर झालं की पुढची पट्टी त्याला दिसतच नसणार, मग तो मान ताणून जवळची, नाकाच्या बाजूची जमीन बघणार. आणि जवळची जमीन नेहमी धावून अंगावर येते. माणूस दचकून ओढणारच.

सीट वर का घेतली नाहीस, असं विचारलं तेव्हा म्हणाला, हँडल जड आहे, आणि वेळ जातो म्हणून सर ओरडतात. स्लॉट हुकला तर सॉर्टी जाते. सात प्रशिक्षकांपैकी एकानेही, मी धरून, त्याच्या जागेवरून बाहेर कसं दिसतं हे बघितलं नव्हतं. आम्ही सगळे उजवीकडे बसतो.

मग काय केलं

डेप्युटी सीएफआयकडे मी तीन गोष्टी मागितल्या. सोलो होईपर्यंत किंवा दहा सॉर्ट्या होईपर्यंत हा मुलगा फक्त माझ्याकडे. स्लॉट सकाळचा पहिला. आणि दोन दिवस उड्डाण बंद. तिसऱ्या मागणीवर ते म्हणाले, आधीच मागे पडला आहे, अजून बंद कशाला? मी म्हटलं, त्या दोन दिवसांचे पैसे त्याच्या घरून जाणार नाहीत. ते गप्प बसले आणि रोस्टरवर लाल पेनने माझं नाव घातलं. त्या लाल पेनसाठी मी त्यांची ऋणी आहे. दुसऱ्या चार मुलांचे सकाळचे स्लॉट त्यांना हलवावे लागले होते आणि ती बोलणी त्यांनीच खाल्ली.

त्या दोन दिवसांत आम्ही उभ्या विमानात बसलो. सीटची उंची ठरवली, खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने डोळ्याच्या रेषेची खूण केली. प्रत्येक सॉर्टीला आधी सीट, मग चेकलिस्ट, स्लॉट गेला तरी चालेल, असं त्याला बजावलं. मग हँगरमधल्या दोघा हेल्परांना सांगून, इंजिनिअरांनी दाखवलेल्या जागी, शेपूट हळू खाली दाबून धरायला लावलं. नाक वर आलं. "आता बघ," मी म्हटलं. "टेकताना तुला समोर नेमकं हेच दिसलं पाहिजे. नाकाची कड आणि लांबचं क्षितिज यांच्यात बोटभर अंतर." तो पाच मिनिटं काही न बोलता बघत राहिला. हेल्पर मामांचे हात भरून आले, तरी त्यांनी सोडलं नाही.

बघायचं कुठे, हे सांगताना माझी इंग्रजी पोपटपंची थांबली आणि मी त्याला मराठीत विचारलं, तू ट्रॅक्टर चालवतोस ना? चालवतो, आठवीपासून. सरी सोडताना कुठं बघतोस, चाकाकडे?

"चाकाकडं बघितलं तर सरी वाकडी जाती ओ. लांबच्या बांधावरचं झाड धरायचं."

"आणि चाक कुठं आहे हे कसं कळतं?"

"ते आपोआप कळतंय. कडेनं दिसतं की."

एवढंच होतं. लांबचं झाड म्हणजे पट्टीचं पलीकडचं टोक. जमीन किती जवळ आली ते कडेने कळतं. हे मी इंग्रजीत त्याला किमान दहा वेळा सांगितलं होतं, 'लुक अॅट द फार एंड', आणि त्याने दहाही वेळा 'यस मॅम' म्हटलं होतं. रेडिओवर बोलायला इंग्रजीच हवी आणि त्याची रेडिओवरची इंग्रजी चांगली आहे. पण हाताला आणि डोळ्याला शिकवायचं तर ज्या भाषेत त्याचे हात आणि डोळे वाढले त्या भाषेत बोलणं गरजेचं होतं. कोकटनूरच्या मुलाला मी हेच कदाचित कन्नडमध्ये सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. हवा थंड, विंडसॉक लोंबत होती. वर जाण्याआधी मी नियम सांगितला: माझे हात माझ्या मांडीवर राहतील आणि तुला दिसतील. मी योकला हात लावला तर तोंडाने बोलेन. बोलले नाही तर ते लँडिंग तुझं.

हे वाचून कुणाला वाटेल, जीव टांगणीला लावला. तसं नाही. मर्यादा मी आधीच आखून घेतल्या होत्या: फायनलवर वेग ६०च्या खाली, नाक ठरल्यापेक्षा वर, पट्टीच्या मधल्या रेषेपासून फार बाजूला, किंवा पहिल्या तृतीयांशात टेकलं नाही, यातलं काहीही झालं की गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर. बलून झाला तर मात्र त्याला सावरायला दोन सेकंद द्यायचे. ती दोन सेकंदं गप्प बसणं ही माझ्या अकराशे तासांतली सर्वांत अवघड गोष्ट होती. मांडीवर बोटं रुतवून बसले होते.

त्याआधी मात्र आम्ही एक काम केलं, ज्याचा मला वाटतं सर्वांत जास्त उपयोग झाला. टॉवरची परवानगी घेऊन न टेकता पट्टीवरून नुसतं जायचं, पाच-सहा फुटांवरून, पॉवर मी सांभाळायची आणि उंची त्याने. २३०० मीटर म्हणजे तेवढ्या उंचीवर अर्धा मिनिट तरी राहता येतं. एरवी एका लँडिंगमध्ये त्या उंचीवर मुलाच्या वाट्याला चार-पाच सेकंद येतात. चार फेऱ्यांत त्याने ती दीड-दोन मिनिटं बघितली. चौथ्या फेरीला त्याचे खांदे खाली आले, ते मला बाजूने दिसलं.

लॉगबुकशिवाय मी एक वही ठेवली. प्रत्येक लँडिंगपुढे 'त्याचं', 'माझं' किंवा 'दोघांचं'. पहिल्या सॉर्टीत सहापैकी दोन त्याची, आणि दोन्ही दणकट. दुसऱ्यात चार. तिसऱ्या सॉर्टीच्या दिवशी आभाळ भरून आलं, वळवाची चिन्हं, तीनच करून उतरलो. तिन्ही त्याची. चौथ्यात सात, सातही त्याची, त्यातलं एक बलून होऊन त्याने स्वतः पॉवर देऊन सावरलेलं. त्या एकापुढे मी वहीत दोनदा रेघ ओढली.

पाचवी सॉर्टी मी मुद्दाम दुसऱ्या प्रशिक्षकाला दिली. एकच प्रशिक्षक हवा असं म्हणताना त्यातला धोका मला दिसत नाही असं नाही. माझ्या डोळ्याला सवयीने न दिसणारी चूक दुसऱ्याला दिसते, आणि आपल्या हाताखालच्या मुलाबद्दल माया वाटायला लागली की नजर मऊ होते. त्यांनी एकच गोष्ट काढली: टेकल्यावर तो नाक लगेच सोडतो. बरोबर होतं, मी तिकडे बघणंच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी तेवढंच केलं.

पहिल्या सोलोला सोडण्याचा अधिकार माझ्यासारख्या सहायक प्रशिक्षकाला नसतो. सीएफआय स्वतः त्याच्याबरोबर तीन सर्किट गेले, एप्रनवर आले, इंजिन चालू असतानाच उतरले आणि दार लावून घेतलं. तेव्हा त्याचे तास होते ४० आणि काही मिनिटं. मी हातात रेडिओ घेऊन उभी होते. डाउनविंडवर असताना टॉवरने त्याला एक ऑर्बिट घ्यायला सांगितलं, प्रवासी विमान फायनलवर होतं. माझ्या पोटात गोळा आला. रेडिओवर त्याचा आवाज आला, सपाट, सावकाश, बरोबर रीडबॅक (टॉवरची सूचना परत म्हणून दाखवणं). एक गोल चक्कर, उंची जागच्या जागी, मग बेस, मग फायनल. मागची चाकं आधी टेकली, नाक वर राहिलं, राहिलं, आणि मग अलगद खाली आलं. पहिल्या सोलोनंतर डोक्यावर ओतायला मुलांनी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्याच होत्या.

जे राहिलं

वडील त्यानंतर चार दिवसांनी आले, कुणी न बोलावता. पांढरा सदरा, टोपी, हातात निपाणीच्या दुकानातला पेढ्यांचा बॉक्स. म्हणाले, "म्याडम, मधी फोनवर पोरगं रडत हुतं. जमत न्हाई म्हणत हुतं. मी म्हटलं जमत नसंल तर ये माघारी, शेत हाय. आमी काय वंगाळ मानणार न्हाई." मग जरा थांबून विचारलं, "ते जादाचं तास लागलं, ते त्येच्या चुकीनं लागलं का?"

मी त्यांना सीट, सात प्रशिक्षक, दुपारचे स्लॉट आणि माझी दोन बोटं, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत. "म्हंजी पोराची न्हवं," एवढंच म्हणाले.

सोलोपूर्वी एका मुलाला दोनपेक्षा जास्त प्रशिक्षक नकोत आणि ट्रेनिंग फाईलमध्ये 'हात कोणाचा' असा रकाना हवा, असे दोन प्रस्ताव मी लेखी दिले. रकाना आला, छापील फॉर्ममध्ये नाही, पण शिक्का मारून, आणि आमच्यातले निम्मे जण तो भरतात. दोन प्रशिक्षकांचा नियम सहा आठवडे टिकला. मग तिघांना एअरलाइनची पत्रं आली आणि फळा पूर्वीसारखा झाला.

तिसरा अर्ज पैशांचा होता. त्या ३४पैकी निदान १० तासांचा खर्च त्या कुटुंबावर पडायला नको होता, असं माझं मोजमाप, वहीसकट, मी अर्जाला जोडलं. उत्तर तोंडी मिळालं, की उडवलेला तास हा उडवलेला तास, पेट्रोल जळलेलं असतं. मी लेखी उत्तर मागितलं आहे. अर्जाची प्रत, तारखेच्या शिक्क्यासह, मुलाच्या फाईलमध्ये पहिल्या पानाला लावून ठेवली आहे.